गाणे कोणाचे, दवंडी कोणाची?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. कामगार संघटनेचे काम करणाऱ्याने गाण्याबजावण्यावर बोलावे ह्याचे श्रोत्यांनाही नवल वाटेल. परंतु गाणे हे काम आहे आणि गाणारा हा कामकरी आहे, एवढी एक गोष्ट मनाशी धरली म्हणजे हा विषय आमच्या नेहमीच्या विषयांच्या शेजारीच येऊन बसतो. रागदारीतले बारकावे आम्हांला ठाऊक नाहीत. आमचे शिकणे शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ असे झाले; गाणे ऐकले ते वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरातील भजनात, गणपतीच्या मांडवात आणि पहिल्या मेच्या सभांत. तेव्हा स्वरांविषयी जाणकारांनी बोलावे. आम्ही स्वरांमागच्या हिशेबाविषयी बोलणार आहोत.

वडाळा, नायगाव, शिवडी, परळ ह्या पट्ट्यात गाणारी-वाजवणारी मुले आजही पुष्कळ आहेत. कोणी बँजो पार्टीत आहे, कोणी ब्रास बँडमध्ये, कोणी कलापथकात, कोणी भजनी मंडळात पखवाजावर. दिवसा कोठेतरी कंत्राटावरची नोकरी आणि रात्री तालीम, असा त्यांचा क्रम. ही मुले आमच्याकडे येतात ती बहुधा नोकरीच्या तक्रारी घेऊन. पण बोलता बोलता दुसरीही एक तक्रार निघते. वाजवण्याला जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेळ, आपण वाजवतो हे लोकांना कळवण्यात जातो. मोबाइलवर चित्रफिती टाकाव्या लागतात, रोज टाकाव्या लागतात. न टाकल्या तर सुपारी येत नाही आणि टाकत बसले तर रियाज राहतो. धड हेही नाही आणि तेही नाही. मग करावे काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो पोटाचा प्रश्न आहे.

ही अडचण मोबाइलने आणली असे त्या मुलांना वाटते. इतिहास चाळून पाहिला तर मात्र असे दिसते की दवंडीचे काम गाण्याइतकेच जुने आहे. बदलत गेले ते एवढेच, की हे काम कोणाच्या मानेवर पडते. तेवढाच धागा धरून आपण दोनअडीचशे वर्षांची वाट चालून येऊ.

पेशवाईतल्या शाहिरांपासून प्रारंभ करू. राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ, होनाजी ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती कशामुळे? त्या काळी छापखाना नव्हता, फलक नव्हते. ही नावे टिकली त्याचे एक मोठे कारण असे की शाहीर लावणीच्या किंवा पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफून ठेवीत असे. संतांच्या अभंगांतही हीच रीत होती. गाणे ज्याच्या तोंडी जाई त्याच्या तोंडी कर्त्याचे नावही जाई. म्हणजे जाहिरात गाण्याच्या पोटातच असे आणि तिच्यासाठी निराळा वेळ काढावा लागत नसे. गाणे चांगले असेल तर नाव आपोआप दूर जाई, वाईट असेल तर दोन्ही जागच्या जागी मरत.

त्या मंडळींत आम्हांला होनाजीचे उदाहरण विशेष बोलके वाटते. होनाजी शिलारखाने हा जातीने गवळी आणि कवने करणारा. ती गाणारा गळा बाळा करंजकराचा. परंतु त्या जोडीला लोकांनी ‘होनाजी बाळा’ असे एकच नाव दिले आणि पुष्कळांना आजही तो एकच माणूस वाटतो. एकाने रचावे, दुसऱ्याने लोकांपुढे उभे राहावे, आणि नाव दोघांचे लागावे, अशी ती व्यवस्था होती. सिन्नरकडचा परशराम शिंप्याचा धंदा करी. म्हणजे हात एका कामात आणि गळा दुसऱ्या कामात ही आजच्या मुलांची स्थिती त्या काळीही अपरिचित नव्हती.

पुढे राज्ये गेली, संस्थाने राहिली. संस्थानिकांच्या पदरी असलेल्या गवयाला दवंडीची गरज नव्हती, कारण ऐकणारा धनी एकच होता आणि तो घरचाच होता. त्याची किंमत मात्र निराळ्या नाण्यात मोजावी लागे. विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले. मिरजेतल्या एका समारंभाचे आमंत्रण ह्या शिष्याला आले आणि गुरूला, ते गवई म्हणून, वगळले गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गवयाला समाजात मान नाही ही गोष्ट विष्णुबुवांच्या जिव्हारी लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले आणि दरबारांऐवजी लोकांपुढे जाण्याचे ठरवले. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला, असे सांगतात. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत त्याने यावे, मग तो कोणीही असो, ही त्या काळी मोठी उलथापालथ होती.

पण श्रोता एकाचा हजार झाला म्हणजे त्याला बोलावणे धाडावे लागते, आणि दवंडीचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने उभा राहिला. विष्णुबुवा त्यापासून मागे सरले नाहीत. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ साली ते मुंबईत आले आणि १९१५ साली सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. पुस्तके छापण्यासाठी छापखाना, ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिक, वाद्ये करण्याची व दुरुस्त करण्याची कार्यशाळा, पदवीदान समारंभ, काँग्रेसच्या अधिवेशनांत राष्ट्रगीतगायन असा हा सारा विस्तार होता. आजच्या भाषेत बोलायचे तर संगीताचा इतका पद्धतशीर प्रचार महाराष्ट्रात त्यांच्याआधी कोणी केला नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या नावासाठी केला नाही, संगीताच्या नावासाठी केला, आणि म्हणून तो कोणाला खुपला नाही.

ह्याचा खर्च कोठून भागला? त्यांच्या गळ्यातून. गावोगाव जलसे करावेत आणि मिळकत विद्यालयात ओतावी, असा तो रहाटगाडा होता. इमारतीवर कर्ज होते. ते फिटेना आणि दहाएक वर्षांतच, १९२४ च्या सुमारास, इमारत लिलावात गेली. त्यानंतर बुवा रामनामाकडे अधिकाधिक वळले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस वारले. हिशेब येथेच बंद केला तर तोट्याचा दिसतो. तथापि शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले, बी. आर. देवधरांची शाळा त्याआधीच १९२५ पासून गिरगावात चालू होती, नारायणराव व्यासांनी पुढे दादरला आपले विद्यालय चालवले. एका माणसाच्या खांद्याने जे ओझे वाहवले नाही ते वाटून घेतल्यावर वाहिले गेले. आम्हांला संघटनेच्या कामात जे रोज दिसते तेच येथेही दिसते.

नाटकमंडळ्यांचेही असेच. बालगंधर्वांचे नाव ज्या मराठी माणसाने ऐकले नाही असा तेव्हा विरळा. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, थिएटरे भरून वाहत, ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत. तरी मंडळीच्या डोक्यावर कर्ज होतेच आणि ते फेडण्यात बालगंधर्वांची उमेदीची वर्षे गेली. नाव मोठे म्हणजे शिल्लक मोठी असा हिशेब गाण्याच्या धंद्यात कधीच लागू पडलेला नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. एरवी हे दोघे एकमेकांच्या गर्दीवर डोळा ठेवून असलेले प्रतिस्पर्धी. त्या रात्री मात्र ते एका पडद्यावर आले आणि ती रात्र शंभर वर्षांनंतरही लोकांच्या बोलण्यात आहे.

ह्याच काळात आणखी एक यंत्र आले होते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना हिंदी गाणे कोणाचे आहे हे कळणार कसे? म्हणून गाणे संपता संपता गायिकेने इंग्रजीत आपले नाव उच्चारावे अशी रीत पडली. गौहर जानने ते अशा ठसक्यात उच्चारले की पुढे लोक ते ऐकण्यासाठीही तबकडी लावू लागले. शाहिराच्या शेवटच्या कडव्यातले नाव यंत्राच्या गरजेने असे पुन्हा गाण्याच्या शेवटी आले. यंत्राने आणखीही एक गोष्ट केली. रात्रभर चालणारे गाणे तीन मिनिटांत बसवण्यास त्याने भाग पाडले. आजच्या मुलांना अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत आपली कला बसवावी लागते. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की गळ्याला कात्री लावण्याची सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि त्या कात्रीतूनही उत्तम गाणे पार पडले आहे.

तरीही कात्री न मानणारे होते. अल्लादियाखांसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत. १९४६ साली ते मुंबईत वारले आणि त्यांचा आवाज आपल्याला केवळ त्यांच्या शिष्यपरंपरेतून ऐकावा लागतो. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांनीही मोजक्याच तबकड्या दिल्या. पैशांच्या आणि मानाच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या आणि गर्दीच्या मागे त्या कधी गेल्या नाहीत. असे असता १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांच्यावरील सोनेरी तबकडीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी बसवली गेली. रॉबर्ट ब्राऊन ह्या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली होती. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आपले गाणे कोठे निघाले आहे ह्याची दवंडी पिटायला त्या राहिल्या नाहीत.

ही गोष्ट ऐकून कित्येकजण असा बोध घेतात की खऱ्या कलावंताने जाहिरातीच्या वाटेला जाऊ नये, गुण असेल तर जग शोधत येते. हा बोध आम्हांला मान्य नाही. अल्लादियाखांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ साली महाराज गेल्यावर मुंबईत त्यांना शिकवण्यास बोलावणारे सधन शिष्य होते. नकार देण्यालाही पाठीशी काहीतरी लागते. बदली कामगाराने पाळी नाकारायची ठरवली तर दुसऱ्या दिवशी त्याची चूल बंद पडते, तसेच बँजो पार्टीतल्या मुलाचे आहे. केसरबाईंपासून त्याने घ्यायचे ते दुसरेच आहे. आपल्या कामाची किंमत आपण ठरवावी आणि ती सांगताना चाचरू नये.

आता आपल्या गिरणगावाकडे येऊ. ह्या भागात गाण्याला दरबार नव्हता, पण श्रोता संघटित होता, आणि हे आमच्या विषयाचे मर्म आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार एकटा राहत नसे. गावाचे मंडळ, खानावळ, चाळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ आणि युनियन अशा पाच-सहा दोऱ्यांनी तो बांधलेला असे. भजनाची डबलबारी असो, शक्ती-तुऱ्याचा सामना असो की नमन-खेळे असोत, गाणाऱ्याने फक्त गायचे. फळ्यावर खडूने लिहिणे, मांडव घालणे, वर्गणी काढणे, पावतीपुस्तक सांभाळणे ही कामे मंडळाची पोरे करीत. सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर नाट्यगृह बांधले, त्या लीगचे संस्थापक ना. म. जोशी हेच देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या उभारणीतही होते. कामगारांची करमणूक आणि कामगारांची संघटना ह्या गोष्टी येथे एकाच माणसाच्या हातून वाढल्या.

सत्यशोधक जलसे, त्यांच्यानंतरचे भीमराव कर्डक आदींचे आंबेडकरी जलसे ह्यांनी हीच वाट रुंद केली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊ वाटेगावहून मुंबईस आलेले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात घडलेले. हा कॅम्प वडाळ्याहून फार लांब नाही. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गिरणीत काम केलेले. ह्या तिघांपैकी कोणाला आपली भित्तीपत्रके स्वतः चिकटवीत हिंडावे लागले नाही. खळीची बादली आणि ब्रश घेऊन रात्री निघणारे कार्यकर्ते होते, पाळी सुटताना गिरणीच्या दारावर ‘आज शाहीर येणार’ म्हणून ओरडणारे होते, कार्यक्रमानंतर पोवाड्यांच्या पुस्तिका विकणारे होते. शाहिराचा वेळ रचण्यात आणि गाण्यात जाई. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत तमाशावर सरकारी निर्बंध आले तेव्हा त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ हे नाव देऊन तो पुढे चालवण्याची हिकमतही ह्याच मंडळींच्या काळातली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिवाजी पार्कवर आणि परळच्या कामगार मैदानावर पुढाऱ्यांच्या आधी शाहीर उभे राहत, आणि गर्दीचा मोठा भाग त्यांच्यासाठी लवकर येई.

गाणाऱ्याचे काम आणि दवंडीचे काम ह्यांची इतकी नीट वाटणी आम्हांला दुसरीकडे कोठे आढळली नाही. पण तिच्यात एक भोक होते आणि तेही सांगितले पाहिजे. वाटणी कामाची झाली, मिळकतीची झाली नाही. लढा देणाऱ्यांचा समज असा असे की शाहीर हा आपलाच माणूस, त्याला मजुरी कसली? मंडपवाल्याचे आणि लाऊडस्पीकरवाल्याचे पैसे ठरलेले असत, शाहिराचे काही ठरलेले नसे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. लढा जिंकला, सभा संपल्या, गर्दी घरी गेली. ‘फकिरा’ला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, अण्णा भाऊंनी १९६१ साली रशियाचा दौरा केला, त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. इतके नाव असूनही घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांची वर्षे गेली आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. २००२ साली अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले. त्या तिकिटावरच्या चेहऱ्याला जिवंतपणी एका मानधनाच्या पावतीची अधिक गरज होती.

ह्यावरून तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला आपण शिकले पाहिजे: नाव, गाजावाजा आणि मजुरी. नाव म्हणजे हे काम अमक्याने केले ह्याची नोंद. गाजावाजा म्हणजे ती नोंद चार लोकांच्या कानी घालणे. मजुरी म्हणजे त्या कामाचे दाम. एक मिळाले म्हणजे दुसरे आपोआप मिळते अशी गाणाऱ्यांची समजूत करून दिली जाते, आणि सारी फसगत तेथे होते.

शेजारच्या चित्रपटधंद्यात पाहा. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे देशभर गाजले. तबकडीवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. श्रोत्यांनी रेडिओला पत्रे पाठवून विचारले तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. त्या वेळी तरुण वयाच्या त्या गायिकेने पुढे पार्श्वगायकांच्या नावासाठी आणि वाट्यासाठी भांडण मांडले. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला १९५९ पर्यंत स्थान नव्हते; ते मिळाले ते तिच्या आग्रहानंतर. आवाजाला इतके दिवस लागले, मग वाद्यांचे काय? धोबी तलावाच्या कुडांत राहून गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. स्वरमेळ त्यांनी लिहिले आणि नाव श्रेयनामावलीत बहुधा आले नाही. अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. भारतीय रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना करण्याचे त्यांचे स्वप्न होते आणि १९५८ साली मुंबईत त्यांनी तसा प्रयोगही केला. पुढे ते चित्रपटधंदा सोडून गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात घातले, आणि ज्या नावाला श्रेयनामावलीत जागा मिळाली नव्हती ते देशभर पोरासोरांच्या तोंडी झाले. तरी ते नाव एका खऱ्या वादकाचे आहे हे कितीकांना ठाऊक होते?

त्याच १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला की निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा हक्क, निराळा करार नसेल तर, निर्मात्याचा. हे बदलायला पस्तीस वर्षे लागली. २०१२ साली १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजते तेव्हा त्या मिळकतीतला गीतकाराचा व संगीतकाराचा वाटा लेखी करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरले. ही दुरुस्ती कोणाच्या चित्रफितीमुळे आली नाही. गीतकार-संगीतकार एकत्र येऊन संसदेपर्यंत गेले म्हणून आली.

इकडे गिरणगावात काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मग गिरण्या मिटल्या, चाळी पडू लागल्या, माणसे कल्याण-विरार-पनवेलकडे पांगली. त्याबरोबर खडूचा फळा गेला, खळीची बादली गेली, पाळी सुटण्याची वेळ गेली. आकाशवाणीच्या ‘कामगार सभे’त गावच्या गायकाचे नाव ऐकून सारी चाळ रेडिओभोवती जमे, तेही दिवस गेले. आमच्या शेजारच्या नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप त्या जुन्या जगात घडले आणि २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच गेले. तेव्हा आजच्या मुलाच्या मानेवर दवंडी आली आहे ती मोबाइलमुळे नव्हे, तर दवंडी पिटणारे मंडळ मोडले म्हणून. रिकामी झालेली ती जागा मोबाइलने घेतली. पूर्वी जे काम पन्नासजण वाटून करीत ते आता एकाच्या अंगठ्याने करायचे आहे. तो थकतो ह्यात त्याचा दोष नाही.

ह्यावर उपाय आम्हांला संघटनेच्या अनुभवातून सुचतात तेवढे सांगतो. पहिली गोष्ट ही की दवंडी हे काम आहे असे उघड मान्य करावे. आठ-दहा जणांच्या पार्टीत एकाने ते अंगावर घ्यावे, त्याला तालमीत सूट द्यावी आणि मिळकतीत इतरांसारखाच वाटा द्यावा. होनाजीला बाळा लागला होता, तुम्हांला लागला तर कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, तालमीची वेळ पाळीसारखी ठरवावी. पाळीवर असताना कामगार बाजार करायला जात नाही. तालमीच्या वेळी मोबाइल बंद असावा. तिसरी गोष्ट, प्रत्येक चित्रफितीखाली रचणाऱ्याचे, गाणाऱ्याचे आणि ढोलकी वाजवणाऱ्याचेही नाव घालावे. ती आपली नाममुद्रा आहे. ती आपणच विसरलो तर दुसऱ्याने लक्षात ठेवावी असे म्हणता येत नाही. चौथी गोष्ट, सुपारी घेताना चार ओळी लिहून घ्याव्या: दर काय, आगाऊ किती, किती तास वाजवायचे, चित्रण कोण करणार आणि ते कोठे दाखवणार. ‘नाव होईल तुमचे’ असे म्हणून जो फुकट बोलावतो त्याला मंडपवालाही फुकट मिळतो काय, एवढे विचारून पाहावे.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. वडाळ्यातल्या चार पार्ट्या आज एकमेकींचे दर पाडून सुपाऱ्या मिळवतात. त्यांनी एकत्र बसून किमान दर ठरवावा, एकच फलक आणि एकच मोबाइल खाते चालवावे, सुपारी आली तर पाळीने वाटून घ्यावी. चित्रपटातल्या वादकांनी आपली संघटना करून मेहनतान्याचे दर ठरवून घेतले. जे बांद्र्याच्या आणि ताडदेवच्या स्टुडिओंत जमले ते आपल्या गल्लीत जमू नये असे काही नाही. बालगंधर्व आणि केशवराव एका पडद्यावर येऊ शकले, तर आपल्या दोन बँजो पार्ट्या एका फलकावर येण्यास हरकत कसली?

एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे: हे सर्व केले म्हणजे गाणे चांगले होईल काय? होणार नाही. गाणे चांगले व्हायला गळा लागतो, गुरू लागतो आणि वर्षे लागतात. आम्ही सांगितले त्याने फक्त ती वर्षे त्याच्या हाती शिल्लक राहतील. विष्णुबुवांची इमारत लिलावात गेली, अण्णा भाऊंचा संसार झोपडीत आटोपला; गुण कमी पडला म्हणून नव्हे, तर ओझे वाटून घेणारे वेळेवर उभे राहिले नाहीत म्हणून. श्रोत्यांनाही ह्यात काम आहे. ह्या सभागृहातून घरी जाताना वाटेत कोठे तालीम चालू असेल तर दारात थांबून ऐका, वाजवणाऱ्याचे नाव विचारा आणि पुढच्या गणपतीत मंडळाच्या सभेत ते नाव सुचवा. मात्र सुचवताना त्याच्या मानधनाचा आकडाही त्याच सभेत मंजूर करून घ्या.